जुन्या थिन क्लायंटवर कोअरबूट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बँकांच्या शाखा, कॉल सेंटर, ग्रंथालये यांनी काढून टाकलेले थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडून वापरायचे छोटे संगणक, आता जुन्या बाजारात सहज मिळतात. पुष्कळांना पंखा नसतो, वीज बेताची लागते आणि लिनक्स झकास चालतं. फक्त बायोसचे, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमचे, अपडेट कंपनीने केव्हाच बंद केलेले असतात. कोअरबूट हे बायोसच्या जागी बसणारं मुक्तस्रोत फर्मवेअर १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत ‘लिनक्सबायोस’ या नावाने सुरू झालं आणि २००८ पासून आजच्या नावाने ओळखलं जातं. ते या डब्यांवर चढवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे एचपी टी६२०, एचपी टी५२० आणि फुजित्सू फुट्रो एस९२० असे तीन डबे आहेत. तिन्हींत एएमडीचा जी-सिरीज प्रोसेसर आहे. सुरुवात कोणापासून करावी? – एक वाचक, कोल्हापूर

डब्यावरचं नाव बाजूला ठेवा, आतला प्रोसेसर पाहा. कुठलंही लाइव्ह लिनक्स बूट करून प्रॉक डिरेक्टरीतली सीपीयूइन्फो फाइल उघडा. ‘सीपीयू फॅमिली’ समोर २२ दिसेल. त्याखालची ‘मॉडेल’ ही ओळ महत्त्वाची. तिथे ० असेल तर तो कबिनी पिढीचा, ४८ असेल तर स्टेपी ईगल पिढीचा.

या एका आकड्यावर पुढचं सगळं काम ठरतं. रॅम, पीसीआय एक्सप्रेस आणि डिस्प्ले सुरू करणाऱ्या एएमडीच्या कोडला एजिसा म्हणतात. कबिनीसाठीचा एजिसा एएमडीने कोअरबूटला सोर्ससकट दिला होता, म्हणजे रॅम चालली नाही तर कोडमध्ये शिरून कारण शोधता येतं. स्टेपी ईगलसाठी मात्र सोर्स नसलेली तयार बायनरी मिळते, शिवाय त्या पिढीपासून पीएसपी हा स्वतंत्र सुरक्षा प्रोसेसर आत बसला, त्याचं फर्मवेअरही बंदच आहे. पीसी इंजिन्सचा एपीयू२ हा जीएक्स-४१२टीसीवरचा बोर्ड अशा बायनरीवर कोअरबूट चालवतो, त्यामुळे ते अशक्य नाही. पण पहिल्याच पोर्टला, म्हणजे नव्या बोर्डासाठी कोअरबूट जुळवून घेण्याच्या कामाला, बंद बायनरीशी झुंजण्यात अर्थ नाही.

टी६२० मध्ये जीएक्स-२१७जीए किंवा जीएक्स-४१५जीए असतो, दोन्ही कबिनी. टी५२० मधला जीएक्स-२१२जेसी मॉडेल ४८ मध्ये मोडतो. फुट्रो एस९२० दोन्ही प्रकारांत निघाला: जीएक्स-४१५जीए कबिनी, तर जीएक्स-२२२जीसी आणि जीएक्स-४२४सीसी स्टेपी ईगल. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात, म्हणून विकत घेण्याआधी चालू करून बघा. तुम्ही टी६२० पासून सुरुवात करा. कोडचा जवळचा नमुना म्हणून कोअरबूटच्या सोर्समधली आसुसच्या एएम१आय-ए बोर्डाची डिरेक्टरी घ्या, त्यावरही कबिनीच आहे. दुसरा नमुना गिझ्मो २ हा जीएक्स-२१०एचएवरचा बोर्ड, तो कोअरबूटच्या गिटच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, इतिहासात सापडेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कबिनीवरही फर्मवेअर शंभर टक्के मुक्त होत नाही. ग्राफिक्सचा व्हीजीए रॉम, यूएसबी ३ साठीचं एक्सएचसीआय फर्मवेअर आणि काही बोर्डांवर आयएमसी या छोट्या कंट्रोलरचं फर्मवेअर, असे बंद तुकडे उरतात.

प्रश्न : पोर्ट करायला घेण्याआधी मूळ बायोसवर कोणती माहिती गोळा करावी? एलएसपीसीआयचा आउटपुट पुरेल का? – एक वाचक, पुणे

पुरणार नाही. एलएसपीसीआय फक्त पीसीआय बसवरची उपकरणं दाखवतं. हा प्रश्न सर्वांनीच विचारायला हवा, कारण बहुतेक पोर्ट कोडमुळे रखडत नाहीत, राहून गेलेल्या नोंदींमुळे रखडतात. बोर्डाचा सर्किट आराखडा आपल्याला मिळत नाही. कुठला पाय कुठे जोडलाय, कुठलं घड्याळ किती मेगाहर्ट्झवर आहे, हे फक्त कंपनीच्या बायोसला ठाऊक असतं, आणि ते चालू असेपर्यंतच आपल्याला रजिस्टरांतून, म्हणजे चिपमधल्या मांडणीच्या कप्प्यांतून, वाचता येतं. तेव्हा बायोस साठवणारी फ्लॅश चिप पुसण्याआधी त्या बायोसकडून सगळं वदवून घ्या.

कर्नलला ‘आयओमेम रिलॅक्स्ड’ हा पर्याय देऊन बूट करा आणि सिक्युअर बूट बंद ठेवा, नाहीतर कर्नल रजिस्टर वाचू देणार नाही. मग एलएसपीसीआयचा संपूर्ण हेक्स डंप घ्या, झाडाच्या आकाराचा वेगळा घ्या. एसीपीआयडंपने सगळे तक्ते, डीएमआयडिकोडचा आउटपुट, डीमेसेज, एलएसयूएसबी, प्रॉकमधल्या इंटरप्ट्स आणि आयओपोर्ट्स या फायली जपून ठेवा. कोअरबूटच्या सोर्समध्ये युटिल डिरेक्टरीत सुपरआयओटूल आहे, ते डंपच्या पर्यायासह चालवा. ते सुपर आयओ, म्हणजे सीरियल पोर्ट, कीबोर्ड अशा संथ जोडण्या सांभाळणारी चिप, ओळखून तिची रजिस्टरं मूळ मूल्यांशेजारी मांडून देतं, म्हणजे बायोसने काय बदललंय ते एका नजरेत कळतं. आवाजाच्या चिपसाठी सिसफाइलसिस्टिममधली ‘इनिट पिन कॉन्फिग्ज’ ही फाइल कॉपी करा. ही नसली तर हेडफोनचा सॉकेट पुढे मुका राहतो आणि कारण सापडत नाही.

आता सर्वांत मोलाचा भाग. कबिनीच्या चिपसेटची बहुतेक अंतर्गत रजिस्टरं मेमरीत हेक्स (१६ च्या पायाची संख्या) एफईडी८०००० या पत्त्यापासून ४ किलोबाइटच्या पट्टीत दिसतात. त्यात हेक्स १०० पासून जीपीआयओ, म्हणजे हवे तसे वापरता येणारे पाय, ३०० पासून पॉवर मॅनेजमेंट, डी०० पासून आयओमक्स, म्हणजे कुठला पाय कुठल्या कामाला लावलाय त्याचा तक्ता, आणि ई०० पासून घड्याळांची ‘मिसलेनियस’ रजिस्टरं. या चार पट्ट्या वाचून फाइलमध्ये ठेवा. हेक्स ए०० पासूनची एसएमबसची पट्टी सोडून द्या, तिथे नुसत्या वाचनानेही चालू व्यवहारात अडथळा येऊ शकतो. वाचन तीन वेळा करा: थंड सुरुवातीनंतर, रीबूटनंतर आणि केबल-कीबोर्ड सगळं लावून. जे बाइट तिन्हींत सारखे ते बायोसने ठरवलेले, जे बदलतात ते इनपुट किंवा मोजणारे. पुढे कोअरबूट बूट झाल्यावर हीच पट्टी पुन्हा वाचायची आणि दोन्हींत फरक काढायचा. जे उपकरण चालत नाही त्याचं उत्तर दहापैकी आठ वेळा या फरकात सापडतं.

इंटरप्टचा, म्हणजे उपकरणं प्रोसेसरला देतात त्या हाकांचा, तक्ताही आत्ताच वाचून ठेवा. आयओ पोर्ट हेक्स सी०० वर क्रमांक लिहायचा आणि सी०१ वरून मूल्य वाचायचं. ० पासून चढत जा, मग तेच क्रमांक हेक्स ८० मिळवून पुन्हा. पहिला तक्ता जुन्या पीआयसीसाठी, दुसरा आयओएपिकसाठी (दोन्ही या हाका प्रोसेसरपर्यंत पोहोचवणारे कंट्रोलर).

शेवटी डबा उघडून दोन्ही बाजूंचे ठळक फोटो घ्या आणि प्रत्येक चिपवरची अक्षरं भिंगातून वाचून लिहा. फ्लॅश, सुपर आयओ, लॅन, ऑडिओ कोडेक आणि छोटा ईप्रॉम असेल तर तोही.

प्रश्न : सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि एसओआयसी-८ क्लिप लावून फ्लॅश वाचतो, पण दर वेळी फाइल वेगळी निघते. कधी सगळे बाइट एफएफ येतात. चिप खराब झाली का? – एक वाचक, ठाणे

चिप बहुधा शाबूत आहे. पण हात थांबवा आणि आधी चिपचं व्होल्टेज तपासा.

चिपवरचा पूर्ण क्रमांक वाचा. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू६४ मालिकेत शेवटची अक्षरं एफव्ही असली तर ती ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू किंवा डीडब्ल्यू असली तर १.८ व्होल्टची. मॅक्रोनिक्समध्ये एमएक्स२५एल म्हणजे ३.३ आणि एमएक्स२५यू म्हणजे १.८. चिप १.८ व्होल्टची असेल तर मधे लेव्हल शिफ्टरची, म्हणजे व्होल्टेज उतरवणारी, पट्टी लावल्याशिवाय क्लिप टेकवायची नाही.

काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए बोर्डात एक जुना दोष आहे. चिपच्या पुरवठ्याला ३.३ व्होल्ट जातात, पण सीएच३४१ए स्वतः ५ व्होल्टवर चालत असल्याने डेटा आणि क्लॉकच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. मल्टिमीटरने चिप सिलेक्टच्या पायावर मोजा. ५ च्या आसपास दिसलं तर दुरुस्ती अशी: सीएच३४१एचा २८ क्रमांकाचा पाय गरम करून पॅडवरून अलगद उचला, तो बोर्डावरच्या रेग्युलेटरच्या ३.३ व्होल्टला जोडा आणि ९ क्रमांकाचा पायही त्याच तारेला जोडा. २८ वा पाय पॅडला टेकणार नाही याची काळजी घ्या.

ही कटकट नको असेल तर रास्पबेरी पाय वापरा, त्याचे पाय मुळातच ३.३ व्होल्टचे आहेत. हेडरचा १७ क्रमांक चिपच्या ८ ला (पुरवठा), २५ क्रमांक ४ ला (ग्राउंड), २४ क्रमांक १ ला (चिप सिलेक्ट), २३ क्रमांक ६ ला (क्लॉक), १९ क्रमांक ५ ला (चिपचा इनपुट) आणि २१ क्रमांक २ ला (चिपचा आउटपुट). चिपच्या कोपऱ्यातला खळगा किंवा टिंब म्हणजे १ क्रमांक. क्लिपची लाल तार तिथेच येते का, ते दर वेळी नजरेने पाहा. क्लिप उलटी लागली की पुरवठा ग्राउंडला जातो.

आता दर वेळी वेगळी फाइल का येते ते पाहू. चिप बोर्डावर असतानाच तुम्ही तिला ३.३ व्होल्ट देता, पण ती तार एकट्या चिपची नसते. तोच पुरवठा चिपसेटच्या काही भागाला आणि इतर चिपना जातो. प्रोग्रॅमरची ताकद तिथेच संपते, व्होल्टेज घसरतं, शिवाय अर्धवट जागा झालेला चिपसेट त्याच तारांवर स्वतःचे संदेश घालतो. क्लिप लावून ८ क्रमांकाच्या पायावर मोजा. ३ च्या खाली दिसलं तर हेच कारण. अॅडॉप्टर काढलेला असावा, सीमॉस बॅटरीही काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलासुरला चार्ज घालवा. तारा १० सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, आणि रास्पबेरी पाय वापरत असाल तर फ्लॅशरॉमला (चिप वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रॅमला) वेग १००० किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी सांगा.

तरीही जमलं नाही तर क्लिपशी भांडत बसू नका. फ्लक्स लावून हॉट एअर गनने चिप उतरवा आणि तिच्या जागी एसओआयसी-८ चं सॉकेट बसवा. ८ एमबीच्या चिप बहुतेक २०८ मिल रुंदीच्या असतात. सॉकेट घेताना ही रुंदी सांगा, १५० मिलचं सॉकेट बसणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सॉकेट आणि कोऱ्या चिप शोधता येतील. पोर्ट करताना फ्लॅश पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. ज्याला बोर्ड पूर्ण करायचाय त्याने पहिल्या दिवशीच सॉकेट बसवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. चिप सॉकेटमधून काढून वेगळी वाचताना ३ आणि ७ क्रमांकाचे पाय ३.३ व्होल्टला जोडायला विसरू नका. मोकळे राहिले तर चिप मधेच थांबते.

वाचन तीनदा करा आणि तिन्ही फायलींचा शा२५६ हा ठसा जुळतो का पाहा. तो जुळला तरी आतला मजकूर तपासा. ८ एमबीच्या एएमडी इमेजमध्ये हेक्स २००००, ४२००००, ६२०००० किंवा ७२०००० यांपैकी एका जागी सहसा एए ५५ एए ५५ अशी खूण सापडते. ही खूण असेल आणि फाइलचा आकार चिपएवढाच, ८३,८८,६०८ बाइट असेल तर बॅकअप विश्वासाचा. मूळ चिप मग नाव घालून डबीत ठेवा आणि सगळे प्रयोग नव्या कोऱ्या चिपवर करा.

आणखी एक इशारा. मूळ बायोस चालू असताना लिनक्समधूनच फ्लॅशरॉमने लिहायचा मोह टाळा. आयएमसी जागा असेल तर तोही त्याच फ्लॅशमधून स्वतःचं फर्मवेअर वाचत असतो. फ्लॅशरॉम तसा इशारा देतं, तो जबरदस्तीने ओलांडू नका. पहिलं लेखन बाहेरूनच. पुढे कोअरबूट स्थिर झालं की आतून लिहायला हरकत नाही.

प्रश्न : एएम१आय-एची डिरेक्टरी कॉपी करून इमेज बनवली, फ्लॅश केली. पॉवरचा दिवा लागतो, पण सीरियल पोर्टवर एक अक्षर येत नाही. – एक वाचक, नाशिक

हे जवळजवळ प्रत्येक पोर्टमध्ये होतं, कारण सीरियल पोर्टवर अक्षर येण्याआधी चार गोष्टी जुळाव्या लागतात आणि त्यांतली एकही एएम१आय-एकडून तशीच घेता येत नाही. पहिल्या तीन गोष्टी बूटब्लॉकमध्ये, म्हणजे कोअरबूटच्या सर्वांत आधी चालणाऱ्या भागात, या क्रमानेच व्हायला हव्यात.

चिपसेटने एलपीसी बसवर (सुपर आयओकडे जाणाऱ्या तारांवर) हेक्स ३एफ८ आणि सुपर आयओचा २ई किंवा ४ई हे पत्ते पुढे पाठवायला हवेत. सुपर आयओ २ई वर आहे की ४ई वर, हे सुपरआयओटूलच्या नोंदीत पहिल्याच ओळीत असतं. चुकीचा पत्ता दिला की पुढचं सगळं लिहिणं हवेत जातं.

मग घड्याळ, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. पुष्कळ बोर्डांवर सुपर आयओला ४८ मेगाहर्ट्झचा क्लॉक स्वतंत्र क्रिस्टलवरून मिळत नाही, चिपसेटच्या ऑस्कआउट१ या पायावरून मिळतो. हा पाय रीसेटनंतर ४८ वर असेलच असं नाही. एएम१आय-एच्या कोडमध्ये ‘मिसलेनियस’ पट्टीतल्या हेक्स २८ आणि ४० या रजिस्टरांवर त्यासाठी लिहिलेलं आहे. तुमच्या बोर्डावर मूळ बायोसने तिथे काय ठेवलं होतं, ते डंपमध्ये पाहा, म्हणजे एफईडी८०ई२८ आणि एफईडी८०ई४०, आणि त्याप्रमाणे कोड बदला. घड्याळ बंद असेल तर पोर्ट मुका राहतो. घड्याळ चालू पण सुपर आयओला २४ ऐवजी ४८ समजलं, किंवा उलट, तर अक्षरं येतात पण वेडीवाकडी. कचरा दिसला की खूश व्हा, कारण फक्त एक भागाकार चुकलाय. आयटीईच्या बऱ्याच चिपमध्ये तो हेक्स २३ रजिस्टरात निवडतात.

तिसरी गोष्ट सुपर आयओ चिप उघडण्याची किल्ली. आयटीईला ८७, ०१, ५५, ५५ असे चार बाइट लागतात (चिप ४ई वर असेल तर शेवटचा एए). नुव्होटॉन आणि फिनटेकला ८७ दोनदा. त्यानंतर रजिस्टर ०७ मध्ये विभागाचा क्रमांक: पहिला सीरियल पोर्ट आयटीई आणि फिनटेकमध्ये सहसा १, नुव्होटॉनमध्ये २. मग ६० आणि ६१ मध्ये ०३ आणि एफ८, आणि शेवटी ३० मध्ये १. कोअरबूटमध्ये प्रत्येक चिपसाठी तयार फंक्शन असतं. तुम्हाला फक्त योग्य चिप आणि योग्य विभाग निवडायचा आहे. एएम१आय-एवर आयटी८६२३ई आहे, तुमच्या डब्यात तीच चिप असण्याची शक्यता कमी.

चौथी गोष्ट केबल. दोन्ही टोकांना संगणक असताना नल मोडेम केबल लागते, साधी सरळ केबल नाही. वेग १,१५,२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद. मिनिकॉममध्ये ते मुळात चालू असतं, तेवढ्यासाठीही माणसं तासन् तास अडकतात.

हे सगळं बरोबर असूनही शांतताच असेल तर प्रोसेसर फ्लॅश वाचतोय का ते पाहा. साधा ८ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर फ्लॅशच्या चिप सिलेक्ट आणि क्लॉकवर लावा. बाइट नीट उलगडले नाहीत तरी चालेल, हालचाल दिसली पाहिजे. काहीच हालचाल नसेल तर पुरवठा किंवा सॉकेटची जोडणी तपासा. क्षणभर हालचाल होऊन थांबत असेल तर इमेजचा आकार तपासा. प्रोसेसर पहिली सूचना ४ जीबीच्या १६ बाइट खालून उचलतो आणि फ्लॅशचं शेवटचं टोक तिथे येतं. ४ एमबीची इमेज ८ एमबीच्या चिपमध्ये सुरुवातीला लिहिली तर त्या जागी नुसते एफएफ सापडतात. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कोअरबूटच्या पर्यायांच्या यादीत, रॉमचा आकार ८१९२ केबी निवडा.

डब्याला सीरियल पोर्टच नसेल तर ईएचसीआय डिबग पोर्ट, म्हणजे यूएसबीतून कन्सोल बाहेर काढण्याची सोय, हा पर्याय आहे. एफटी२३२एचचं मॉड्यूल किंवा बीगलबोन ब्लॅक त्यासाठी चालतं, पण डब्याच्या ठरावीक एकाच यूएसबी भोकातून तो मिळतो. प्रत्येक भोक लावून पाहावं लागतं. त्याशिवाय कन्सोलचा मजकूर फ्लॅशमध्येच लिहायची सोय कोअरबूटमध्ये आहे. संथ आहे, पण चिप काढून वाचली की कुठे थांबलं ते कळतं.

प्रश्न : सीरियल सुरू झालं. आधी एएमडीइनिटपोस्टवर अडकत होतं, एका स्लॉटची रॅम काढल्यावर पुढे गेलं. आता लिनक्स चढतं, पण लॅन दिसत नाही. – एक वाचक, फोंडा

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

एएमडीइनिटपोस्ट हा एजिसाचा रॅम सुरू करण्याचा टप्पा. रॅमच्या पट्टीवरच्या एसपीडी चिपमधून तो माहिती वाचतो. त्या चिपचा पत्ता डिव्हाइसट्रीत, म्हणजे बोर्डावरच्या उपकरणांच्या यादीत, ‘एसपीडी अॅड्रेस लुकअप’ या ओळीत असतो. दोन स्लॉट असतील तर बहुधा हेक्स ए० आणि ए२. लिनक्सच्या नोंदींत हेच पत्ते ५० आणि ५१ असे दिसतात, कारण तिथे शेवटचा बिट धरत नाहीत. मूळ बायोसवर एकदा फक्त पहिल्या स्लॉटमध्ये आणि एकदा फक्त दुसऱ्यात रॅम घालून डिकोड-डिम्स चालवा, म्हणजे कुठला स्लॉट कुठल्या पत्त्यावर आहे हे पक्कं होईल. पत्ते अदलाबदल झाले असतील तर एक पट्टी एका स्लॉटमध्ये चालते, दोन घातल्या की ट्रेनिंग, म्हणजे रॅमची वेळ जुळवणं, कोसळतं. तुमचं लक्षण तेच सांगतं. पत्ते बरोबर निघाले तर बिल्डऑप्ट्स फाइलमधली स्लॉटची संख्या पाहा. नमुन्याच्या बोर्डाची संख्या तशीच राहून जाते. पट्ट्या डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टच्या आहेत का, हेही लेबलवर वाचा.

लॅन न दिसण्याचं कारण बहुतेक बोर्डाच्या डिरेक्टरीतल्या ओईएमकस्टमाइझ फाइलमध्ये असतं. तिथे पीसीआय एक्सप्रेसच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, कशा वाटल्या आहेत ते सांगावं लागतं. कबिनीच्या नमुना बोर्डांवर वाटणी अशी: लेन ० म्हणजे एलएसपीसीआयमधलं उपकरण २.२, लेन १ म्हणजे २.३, लेन २ म्हणजे २.४, लेन ३ म्हणजे २.५, आणि ४ ते ७ एकत्र म्हणजे २.१. मूळ बायोसवर घेतलेला एलएसपीसीआयचा झाडाचा आउटपुट काढा. लॅन समजा २.४ च्या फांदीवर असेल तर लेन २ जाहीर केलेली हवी. जी फांदी जाहीर नाही किंवा जिच्यावर काही सापडलं नाही, तिला एजिसा लपवून टाकतो, म्हणून लिनक्समध्ये तिचा मागमूसही राहत नाही.

लेन बरोबर असून लिंक लागत नसेल तर रीसेटची तार आणि क्लॉक पाहा. लॅन चिपचा रीसेट एखाद्या जीपीआयओवर असतो. तो खालीच राहिला तर चिप कधी जागीच होत नाही. आधी घेतलेली एफईडी८०००० ची पट्टी इथे कामी येते. हेक्स १०० पासूनचा आणि डी०० पासूनचा भाग आताच्या वाचनाशी ताडून पाहा. फरक असलेले पाय एकेक करून मूळ मूल्यावर आणा. एकदम सगळे नको, कारण दोषी पाय कुठला ते मग कळणार नाही.

समजा लॅन दिसू लागली, लिंकचा दिवा लागला, तरी पिंग जात नाही असं झालं तर प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल पाहा. लॅनसमोरचा आकडा ० वरच थांबला असेल तर इंटरप्टचा तक्ता चुकलाय. कर्नलला ‘नोएपिक’ देऊन बूट केल्यावर चालत असेल तर मग पक्कंच: पीआयसीचा तक्ता बरोबर, आयओएपिकचा चूक. सी००-सी०१ वरून घेतलेल्या नोंदी मेनबोर्ड फाइलमधल्या दोन तक्त्यांत भरा. डीएसडीटी या एसीपीआय तक्त्यातला पीसीआय राउटिंगचा भागही त्याच आकड्यांशी जुळला पाहिजे.

प्रश्न : पेलोड कोणता घ्यावा? मला शाळेच्या प्रयोगशाळेत हे डबे नेटवर्कवरून बूट करायचे आहेत. स्क्रीनवरही लिनक्स येईपर्यंत काहीच दिसत नाही. – एक वाचक, सोलापूर

पेलोड म्हणजे कोअरबूट हार्डवेअर जागं केल्यावर ज्याच्या हाती काम देतं तो प्रोग्रॅम. सीबायोस घ्या, तो जुन्या बायोससारखा वागतो. तुमच्या कामाला तो पुरेसा आहे. नेटवर्क बूटसाठी कोअरबूटच्या मेनूकॉन्फिगमध्येच आयपीएक्सई हा नेटवर्क बूटचा रॉम जोडायची सोय आहे. तिथे लॅन चिपची ओळख विचारतात. रियलटेक आरटीएल८१११ असेल तर १०ईसी,८१६८. हा आकडा चुकला तर रॉम इमेजमध्ये असूनही सीबायोस त्याला हात लावत नाही. नेटवर्क नेहमी आधी हवं असेल तर सीबीएफएसमध्ये (इमेजच्या आतल्या फायलींच्या साठ्यात) ‘बूटऑर्डर’ नावाची फाइल घाला. पीएस/२ कीबोर्ड उशिरा जागा होत असेल तर ‘ईटीसी/पीएस२-कीबोर्ड-स्पिनअप’ मध्ये ५०० हे मूल्य ठेवा, म्हणजे अर्धा सेकंद वाट पाहिली जाते.

स्क्रीन काळी राहते याचा अर्थ व्हीजीए रॉम नाही किंवा चुकीच्या ओळखीने घातलाय. ग्राफिक्सचं उपकरण १.० वर असतं, त्याची ओळख एलएसपीसीआयमध्ये १००२ नंतर दिसते, ती जशीच्या तशी मेनूकॉन्फिगमध्ये द्या. रॉम चालू मेमरीतून कॉपी करू नका. चालून झालेला रॉम स्वतःत बदल करून बसलेला असू शकतो. बॅकअपची फाइल यूईएफआयटूल या प्रोग्रॅममध्ये उघडून तिथून काढा. ५५ एए ने सुरू होणारा आणि आत एटीआयचा मजकूर असलेला भाग तोच. दोन डिस्प्ले पोर्टांपैकी एकच चालत असेल तर ओईएमकस्टमाइझमधला डिस्प्लेचा भाग पाहा. लेन ८ ते ११, १२ ते १५ आणि १६ ते १९ अशा तीन जोडण्या असतात आणि प्रत्येकीला कनेक्टरचा प्रकार व ऑक्सचा क्रमांक द्यावा लागतो.

प्रयोगशाळेसाठी आणखी एक काळजी घ्या. लॅनचा मॅक पत्ता प्रत्येक डब्यावर मूळ लेबलशी जुळतो का ते तपासा. काही बोर्डांवर तो लॅन चिपमध्ये किंवा शेजारच्या ईप्रॉममध्ये असतो, तेव्हा धोका नाही. पण तो फ्लॅशमध्ये असेल तर एकच इमेज सगळ्या डब्यांवर चढवली की सगळ्यांचा पत्ता एक होतो आणि डीएचसीपी गोंधळतं.

प्रश्न : वायज एस५० या जुन्या जिओडवाल्या डब्यासाठी कोअरबूटमध्ये कोड होता असं वाचलं. आता सापडत नाही. – एक वाचक, बंगळूर

होता. जिओड हा एएमडीचा जुना प्रोसेसर, त्याचा कोड मुख्य शाखेतून काढलेला आहे. नोव्हेंबर २०१९ च्या ४.११ आवृत्तीनंतर नव्या बूटब्लॉक रचनेत न बसणारे जुने प्लॅटफॉर्म वगळले गेले आणि काही त्याआधीच गेले होते. गिटच्या इतिहासात मागे जाऊन वायजची डिरेक्टरी मिळते, मात्र त्या काळचा कंपायलर त्याच आवृत्तीच्या क्रॉसजीसीसी या स्क्रिप्टने बनवावा लागतो. आजच्या जीसीसीने तो कोड बहुधा बांधला जाणार नाही.

पण फर्मवेअर चढवल्यावर चालवायचं काय, हा विचार आधी करा. डेबियन १२ पासून ३२ बिट आवृत्तीला लाँग नॉप ही सूचना असलेला आय६८६ प्रोसेसर लागतो, जिओडमध्ये ती नाही. डेबियन ११ हीच तिथली शेवटची पायरी. अभ्यास म्हणून जरूर करा, रोजच्या वापरासाठी कबिनीचा डबा घ्या.

प्रश्न : टी६२० वर सगळं चालू लागलं आहे. हा कोड मुख्य प्रकल्पात कसा पाठवायचा? – एक वाचक, कोल्हापूर

कोअरबूटच्या गेरिट या कोड तपासणीच्या सर्व्हरवर खातं उघडा आणि पॅच पाठवा. प्रत्येक कमिटला ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ हवी, परवाना जीपीएल आवृत्ती २ चा. एक बोर्ड म्हणजे एक कमिट ठेवा. सुपर आयओसाठी नवा कोड लिहिला असेल तर तो आधीच्या वेगळ्या कमिटमध्ये. एएम१आय-एमधून आलेलं आणि तुमच्या बोर्डावर नसलेलं सगळं काढून टाका, परीक्षक पहिली हरकत तिथेच घेतात. काय चालतं आणि काय चालत नाही ते डॉक्युमेंटेशनच्या फाइलमध्ये सरळ लिहा: फ्लॅश चिपचा क्रमांक, व्होल्टेज, बोर्डावरची जागा, क्लिप लागते की चिप काढावी लागते, स्लीपमधून परत येतो का, यूएसबी ३ ची भोकं चालतात का. न तपासलेल्या गोष्टीसमोर ‘तपासलेलं नाही’ असंच लिहा. त्यानंतर बोर्डस्टेटसची स्क्रिप्ट डब्यावर चालवा. ती सीबीमेमने वाचलेला कोअरबूटचा लॉग, कर्नलचा लॉग आणि कॉन्फिग एकत्र करून प्रकल्पाच्या नोंदवहीत टाकते. बंद बायनरी आणि मूळ बायोसची फाइल मात्र पॅचमध्ये घालू नका, त्यांच्या वाटपाचा हक्क आपल्याकडे नाही.